बाटलीच्या गळ्यातला दोरा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

निळ्या हवाई कागदावरचं पत्र होतं, स्कॉटलंडहून आलेलं, आणि अक्षर सुझानचं. मी ते शाळेच्या कपाटात भूगोलाच्या पुस्तकांमागे ठेवलं. मग घरी नेलं. मग पुन्हा शाळेत आणलं. उत्तर लिहायला बसलो की पेनात शाई भरून उठायचो. प्रेमपत्राला उत्तर देताना कोणी घाबरलं तर ते समजण्यासारखं आहे. पण ते प्रेमपत्र नव्हतं. त्यात एक शास्त्रीय प्रश्न होता. तो मला माझ्या थेरेसा वहिनीला विचारायचा होता, आणि त्यापेक्षा अर्नाळ्याच्या समुद्रात उडी घेणं मला सोपं वाटत होतं.

तरुण वाचकांना याचं हसू येईल. येऊ द्या. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आलो, स्वतः लिहायची वेळ क्वचित आली. तरी सुरुवातीपासून सांगून पाहतो.

वसई तालुक्यातल्या आगाशीच्या थोडं पुढे आमचं गाव. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, मध्ये चर्च, चर्चमागे मराठी शाळा. त्या शाळेत मी शिकवायचो. तिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं, आणि होईल असं घरात कोणी म्हणतही नव्हतं. एकोणीसशे एकोणऐंशी सालचा जानेवारी असेल. आणीबाणी संपून दोन वर्षं होत आली होती, पण तिची भीती गावातून गेली नव्हती. आणीबाणीत आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’, म्हणजे ऑपरेशनला तयार माणसं, आणायला सांगितलं होतं. मला एकही आणता आली नाही. कोणाच्या दारात जाऊन काय म्हणायचं तेच सुचत नसे. मी कडी वाजवायचो आणि ‘मुलाला शाळेत वेळेवर पाठवा’ एवढं सांगून परत यायचो. शेवटी वरून दम आला, की केस मिळत नसेल तर स्वतः या. बिनलग्नाच्यालाही सोडत नाहीत, अशी बोलवा होतीच.

म्हणून त्या शनिवारी शाळा सुटताना एक पांढरी बंद गाडी चर्चच्या आवारात उभी दिसली, तेव्हा मी हातातला खडू ठेवला आणि मागच्या दाराने थेट माझ्या थोरल्या भावाच्या, हिलरीच्या वाडीत घुसलो. केळी ओलांडत बावखलाच्या काठापर्यंत आलो. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं तळं. त्याच्या काठाला केळीचं रान इतकं दाट, की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही.

दोन हातांवर एक बाई बसली होती.

निळी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि हातात रिकामी काचेची बाटली — दगडासारखी उगारलेली.

“पुढे येऊ नका,” ती म्हणाली.

“मी… मी काही करत नाही.”

“मग पळत का आलात?”

“गाडी आली आहे. नसबंदीची.”

मग तिने बाटली हळूच खाली घेतली.

“ती माझी गाडी आहे,” ती म्हणाली, “आणि ती नसबंदीची नाही.”

“मग तुम्ही इथे का लपलात?”

“तुमच्या गावातली माणसं काठ्या घेऊन गाडीभोवती उभी राहिली म्हणून.”

आम्हां दोघांत जास्त कोण घाबरलं होतं, यावर आमचं अजून एकमत नाही.

केळीच्या पानांवरून सकाळचं दव अजून गळत होतं. तिच्या कपाळावर एक थेंब पडला, तो तिने पुसला नाही. श्वास जरा जागेवर आल्यावर मी विचारलं, की गाडी नसबंदीची नाही, तर कशाची.

“मी माणसं गोळा करत नाही, मास्तर,” ती म्हणाली. माझ्या बोटांवरचा खडू तिला दिसला असावा. “लघवी गोळा करते.”

मी बावखलात पडलो नाही एवढंच.

तिचं नाव सुझान. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत ती हार्मोनांवर काम करत होती, त्यावरच डॉक्टरेट झाली होती. मूल अंगावर पीत असताना आईची पाळी किती दिवस थांबते आणि नेमकी केव्हा परत येते, हे तिला शोधायचं होतं. त्या काळात शरीरात काय चढतं, काय उतरतं, ते सकाळच्या लघवीत मोजता येतं म्हणे. औषध नाही, सुई नाही. फक्त आठवड्याला एक बाटली. हे सगळं ती सरळ माझ्याकडे बघून सांगत होती, आणि मी केळफुलाकडे बघून ऐकत होतो.

तिला घेऊन मी चर्चसमोर गेलो. काठ्या घेतलेल्या माणसांपुढे माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, तेही घरच्या बोलीत, की बाय आपल्यातलीच आहे. ते मी अंदाजाने म्हणालो होतो. पण खरं निघालं. ती मुंबईत वाढलेली असली तरी तिची आई इथल्याच पापडीकडची. मग कोणाची मुलगी, कोणत्या घरातली, आजीचं नाव काय, असं सुरू झालं, आणि हिलरीच्या सासरकडून दूरचं नातंही सापडलं. काठ्या भिंतीला टेकल्या. कोणीतरी ताडगोळे आणले. दुसऱ्या रविवारी आमच्या फादरांनी तिला बोलावून सगळं विचारून घेतलं आणि मिस्सेच्या प्रार्थनेनंतर लोकांना सांगितलं, की देवाने आईच्या दुधात काय योजून ठेवलं आहे हे ही मुलगी शोधते आहे, त्यात पाप नाही.

ज्यांच्या कडेवर अंगावर पिणारं मूल होतं, अशा डझनभर बायका तयार झाल्या. सगळ्यांत आधी थेरेसा वहिनी.

सुझानने त्यांना एक नियम सांगितला होता. जिची पाळी परत येऊन तीनदा नीट होईल, तिची बाटली बंद, तिचं काम संपलं. पण पाळी आली की नाही, हे दर आठवड्याला कोणीतरी विचारायला हवं. सुझानला दर शनिवारी जमणार नव्हतं, कधी नुसता रामनाथ ड्रायव्हर गाडी घेऊन येणार. बाटल्या गोळा करून बर्फात ठेवायचं काम मी कसंबसं कबूल केलं होतं. विचारायचं काम ऐकल्यावर मात्र मी रिकाम्या बाटल्या पुन्हा मोजायला घेतल्या. रात्रभर विचार करून मी एक युक्ती काढली. प्रत्येकीला मी दोन रिळं देईन. त्या आठवड्यात पाळी आली असेल तर बाटलीच्या गळ्यात लाल दोरा बांधायचा, नसेल तर पांढरा. ओट्यावर बाटली ठेवायची. कोणी काही बोलायचं नाही.

सुझान हे ऐकून इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं.

“जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेत ही पद्धत नसेल,” ती म्हणाली.

“वाईट आहे का?”

“नाही हो. लाजरी आहे.” आणि थोड्या वेळाने, गाडीत बसताना, “तुमच्यासारखी.”

त्या वर्षी मी शनिवारची वाट बघायला लागलो. बर्फ अर्नाळ्याच्या मासळीवाल्यांकडून यायचा, त्यामुळे आमच्या पेटीला बोंबलांचा वास. संस्थेत सगळे नाकं मुरडतात, सुझान सांगायची, पण वसईची पेटी डोळे मिटूनही ओळखता येते. बाटल्या रचताना तिची बोटं बर्फाने लाल व्हायची. मी माझा रुमाल पुढे करायचो — आणि तिच्या हातात न देता पेटीच्या झाकणावर ठेवायचो. ती तो उचलायची, हात पुसायची आणि मुद्दाम माझ्या हातात परत द्यायची. गार, ओला रुमाल. तो मी घरी गेल्यावरही वाळत घालत नसे.

एकदा शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ती फळ्यापाशी गेली. मधमाश्यांच्या पोळ्यात असतात तशा षटकोनी तीन खणांची एक जोडणी तिने काढली, शेजारी पाच बाजूंचा चौथा खण.

“हे स्टेरॉइड. सगळ्यांचा सांगाडा हाच. इथे एवढासा फरक केला,” तिने कोपऱ्यात खडूचं टोक टेकवलं, “की बाईचं हार्मोन. इथे केला, की पुरुषाचं. आणि हे गरोदरपणाचं, प्रोजेस्टेरॉन. महिन्याच्या उत्तरार्धात चढतं, मग उतरतं. मी दिवसभर यांच्यातच असते.”

“इतका थोडा फरक?”

“इतकाच. रसायनाच्या बाजूने बघितलं तर तुमच्यात नि माझ्यात फार अंतर नाही, मास्तर.”

मी घाईघाईने फळा पुसला. मुख्याध्यापक कुठल्याही क्षणी येतील असं मला वाटत होतं. खडूची पूड तिच्या केसांवर उडाली. मला ती झटकावीशी वाटली… मी डस्टर खिडकीत आपटत राहिलो.

“तुम्हाला माझी भीती वाटते?” तिने मागून विचारलं.

“मला सगळ्याचीच वाटते.”

“मी त्या सगळ्यात येते, की वेगळी?”

मी डस्टर आणखी जोरात आपटलं.

तिलाही भीती होती, हे मला उशिरा कळलं. हार्मोन मोजायला लागतो तो पदार्थ ती सशांच्या रक्तातून तयार करायची. कितीतरी ससे वाया गेले आणि एकाचंच रक्त चांगलं निघालं. तो ससा पुढे मेला. त्याच्या रक्तापासून बनवलेल्या चिमुकल्या कुप्यांवर तिचं सगळं काम उभं होतं. तो ससा खरा आहे की नाही — म्हणजे जे मोजायचं तेच मोजतो की भलतंच काही — हे तिलाही पक्कं माहीत नव्हतं. “कधी कधी पहाटे जाग येते,” ती म्हणाली, “आणि वाटतं, सगळं खोटं असेल.” बावखलाच्या काठावर बसून तिने हे सांगितलं. मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी तिला विचारलं, सशाचं नाव काय होतं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “नाव ठेवायचं सुचलंच नाही. तुम्ही असतात तर ठेवलं असतं.”

त्याच सशाच्या कुप्या तपासायला ती ऐंशीच्या सुरुवातीला वर्षभरासाठी स्कॉटलंडला गेली. तिथे यापेक्षा महाग आणि खात्रीची पद्धत होती. जाण्याआधीच्या शनिवारी हिलरीच्या घरासमोर रामनाथने गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. ती गाडीच्या दाराशी उभी राहून मला बाटल्यांबद्दल सूचना देत होती. सगळ्या मला पाठ होत्या. मी मान डोलवत राहिलो.

“आणखी काही सांगायचं आहे?” तिने विचारलं.

माझ्या मनात होतं. पण हिलरी ओट्यावर बसला होता, थेरेसा वहिनी खिडकीत होती, आणि आमच्या गावाचे कान मोठे तिखट.

“बर्फ कमी पडणार नाही,” मी म्हणालो.

ती हसली नाही. गाडीत बसली.

महिनेच्या महिने मी एकही शनिवार चुकवला नाही. बाटल्या मुंबईला जायच्या, तिथे तिच्या सहकारी मोजायच्या, आकडे तिकडे जायचे. कधीमधी तिची चार ओळींची चिठ्ठी यायची, बाटल्या वेळेवर मिळतात, आभार. मी चार ओळींचं उत्तर द्यायचो, बाटल्या वेळेवर पाठवल्या. गंमत म्हणजे सगळ्या बाटल्यांच्या गळ्यांत पांढरेच दोरे असत. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. जोवर बाटल्या, तोवर शनिवार. जोवर शनिवार, तोवर सुझान.

आणि भर पावसात, ऑगस्टमध्ये, ते पत्र आलं.

“मास्तर, एक अडचण आहे. थेरेसा, बेटी, ॲनी आणि आणखी काही जणींचे आकडे मी पुन्हा पुन्हा बघते आहे. त्यांचं प्रोजेस्टेरॉन दर महिन्याला चढतं आणि उतरतं. म्हणजे त्यांची पाळी सुरू झालेली असलीच पाहिजे. पण तुमचे दोरे पांढरे आहेत. एकीचं असतं तर सोडून दिलं असतं. इथले सर म्हणतात, बायका कशाला खोटं सांगतील, तुझा ससाच खोटा आहे. तसं असेल तर मला इथेच राहून सगळं पहिल्यापासून करावं लागेल, तीन वर्षं तरी. ससा खरा असेल तर मी नाताळाला घरी येते. तुम्ही त्या बायकांना एकदा विचाराल का? दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. मला फार भीती वाटते आहे.”

खाली सही. तिच्या ठसठशीत अक्षरातलं ‘भीती’ मात्र बारीक झालेलं.

मी विचारायला गेलो नाही असं नाही. गेलो. वहिनीच्या ओट्यावर बसलो, पावसाबद्दल बोललो आणि लोणच्याची बरणी घेऊन परत आलो. बेटी आगाशीच्या बाजारात भेटली, तिला भेंडीचा भाव विचारला. तिच्यापाशी भेंडी नव्हती. ॲनीच्या दारापर्यंत पोचलो, पण तिचा नवरा दाढी करत बसला होता. अंथरुणावर पडलो की डोळ्यांसमोर दोन्ही बाजू यायच्या. वहिनी म्हणाली, ‘दोरे बरोबर आहेत,’ तर ससा खोटा, सुझान गेली. आणि दोरे खोटे निघाले तर दर शनिवारी ते बघून, मान खाली घालून पाठवणारा मीच. तिचं काम माझ्या लाजेने नासवलं असेल तर ती माझं तोंड कशाला बघेल? कुठूनही विचार केला तरी शेवटी ती नव्हतीच.

सप्टेंबर गेला. सुझानचं दुसरं पत्र आलं नाही.

एका शनिवारी पेटी गाडीत चढवताना रामनाथ म्हणाला, की मास्तर, पुढच्या खेपेनंतर माझी इकडची फेरी बंद. का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, सुझानबाईंचा ससा बाद निघाला असं सगळे बोलतात. त्यांचं तिकडून पत्र आलंय संस्थेतल्या मोठ्या बाईंना, वसईच्या बाटल्या फ्रीजरमधून काढून ओतून द्या, चुकीच्या मापाने मोजलेलं ठेवून काय उपयोग. बाई तिकडेच राहणार. रामनाथ वाईट माणूस नव्हता. माझा चेहरा बघून तो म्हणाला, “बसा जरा, मास्तर. पाणी आणू का?”

मी पाणी घेतलं नाही. तसाच वाडीतून हिलरीच्या घरी गेलो.

थेरेसा वहिनी ओट्यावर खायची पानं जुळवत बसली होती, मोठी खाली, लहान वर. तिचा धाकटा एव्हाना पळायला लागला होता, तो कोंबडीमागे होता.

“वहिनी, एक विचारायचं आहे.”

“विचारा की.”

“बाटलीचं आहे.”

“बाटली सकाळीच ठेवली होती. सांडली का?”

“नाही. दोरा…”

“तुटला?”

“पांढरा आहे.”

“तुम्हीच दिलेलं रीळ आहे, मास्तर. पांढराच निघणार.” तिला मजा वाटत होती. गावात सगळ्यांनाच माझी अशी मजा वाटायची.

मी खांब धरला.

“तो लाल असायला हवा होता का, वहिनी?”

तिचे हात थांबले. पानांची चवड तिच्या मांडीवरून घसरली, ती तिने उचलली नाही.

“कोणी सांगितलं?”

“सुझानने. बाटलीत सगळं दिसतं.”

“सगळं?” आयुष्यात पहिल्यांदा मी थेरेसा वहिनीला लाजताना पाहिलं. तिने पदर सावरला, जणू सुझान समोरच उभी होती. “तिकडे बसून दिसलं तिला?”

मग तिने सांगितलं. तिची पाळी मार्चपासून सुरू झाली होती. बेटीची त्याच्याही आधी. ॲनीची ईस्टरनंतर. तीनदा पाळी आली की बाटली बंद, हा सुझानचा नियम सगळ्यांच्या लक्षात होता. सगळ्यांच्या बाटल्या बंद झाल्या तर गाडी येणार नाही. गाडी आली नाही तर सुझानचं या गावात काम उरणार नाही, मग ती परत इकडे कशाला येईल? मिस्सेनंतर चर्चच्या मागच्या बाजूला उभं राहून बायकांनी ठरवलं, की ती येईपर्यंत लाल दोरा बांधायचा नाही. लाल रिळं त्यांनी चक्क गोधड्या शिवायला घेतली होती.

“पण का?” मी विचारलं.

“का म्हणजे? आमचा एकच दीर आहे, बिनलग्नाचा,” ती म्हणाली. “बर्फाच्या पेटीवर रुमाल ठेवून उभा राहणारा. सगळ्या गावाला दिसतं, मास्तर. तुम्हीच खाली बघता.”

मी खाली बघत होतो.

“आम्ही तिचं काम चालू ठेवलं,” ती म्हणाली.

“तुम्ही ते बुडवलंत, वहिनी.” माझा आवाज चढला होता. तो माझाच आहे यावर माझा विश्वास बसेना. मी तिला पत्रातलं सगळं सांगितलं. सशाचं सांगितलं, फ्रीजरचं सांगितलं. तुमचे दोरे खरे मानून तिने स्वतःला खोटं ठरवलं, हे सांगितलं. ती ऐकत होती. तिचा धाकटा येऊन तिच्या पाठीला बिलगला, तिने त्याला मागे हात नेऊन नुसतं धरून ठेवलं.

“तर मग लिहा तिला,” ती अगदी हळू म्हणाली. “लिहा की थेरेसाने खोटं सांगितलं.”

“का सांगितलंत ते विचारेल ती. कारण कळल्याशिवाय ती काहीच मानत नाही.”

“तेही लिहा.”

“ते कसं लिहू?”

“मला पाळीचं विचारलंत ना आत्ता?” तिने डोळे पुसले आणि पानं गोळा करायला लागली. “त्यापुढे ते काय अवघड आहे.”

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर बायका माझ्या ओट्यावर आल्या. थेरेसा वहिनीने त्यांना आणलं होतं. एकेकीने पुढे येऊन महिने सांगितले, कोणी सणावरून, कोणी नवऱ्याच्या पगारावरून, कोणी मुलाला लस टोचल्याच्या दिवसावरून. दोरा नाही, काही नाही, तोंडाने, माझ्यासमोर. बेटी तर म्हणाली, “वर बघून लिहा, मास्तर, नाहीतर चुकेल.” मी वर बघितलं. त्याही घाबरलेल्या होत्या. सुझानबाय रागावेल का, हे प्रत्येकीने जाताना विचारलं. मला माहीत नव्हतं.

मग मी दार लावून पत्र लिहायला बसलो. पहिल्यांदाच तिला ‘तू’ लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

“सुझान, तुझा ससा खरा आहे. दोरे खोटे आहेत. सोबत प्रत्येकीचे खरे महिने लिहिले आहेत, तुझ्या आकड्यांशी जुळवून बघ. बाटल्या ओतून देऊ नका असं मुंबईला लगेच कळव. मीही उद्या तिकडे जाऊन मोठ्या बाईंना सांगतो. त्यांनी बाहेर घालवलं तर दाराशी बसतो.

बायकांनी असं का केलं, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, आणि अपुरं उत्तर तू चालवून घेणार नाहीस. त्यांना वाटलं, बाटल्या थांबल्या तर तू येणार नाहीस, आणि तू आली नाहीस तर माझं काही खरं नाही. बाटल्यांच्या बाबतीत त्यांचं चुकलं. माझ्या बाबतीत चुकलं नाही.

हे तुला आवडलं नाही तर हा भाग फाडून टाक आणि महिन्यांचा कागद ठेव. तो खरा आहेच. — प्लासिड”

वाचून बघितलं असतं तर मी ते पाठवलं नसतं. म्हणून वाचलं नाही. डिंक लावला आणि आगाशीकडे चालत निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो. एकदा पानवेलींच्या कुंपणापाशी, एकदा देवळाच्या तळ्याजवळ. नाताळ अडीच महिन्यांवर होता. पत्र पोचायला किती दिवस लागतील, तोवर तिने तिथे राहायचं कबूल करून सही केली असेल का, आणि केली नसली तरी दुसरा भाग वाचून करेल का… पोस्टापर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सदरा पाठीला चिकटला होता.

टपालपेटीच्या तोंडाशी मी हात नेला आणि तसाच उभा राहिलो. पत्राचं अर्धं अंग आत होतं, अर्धं माझ्या बोटांत.

मागे एक म्हातारी पोस्टकार्ड घेऊन उभी होती. तिने बराच वेळ वाट बघितली.

“टाकता की नाही, मास्तर?” ती म्हणाली. “मला बसला जायचंय.”

मी बोटं सोडली.